सवलत हवी? आधी भाव वाढवून मागा

रिसॉर्टवाल्यांनी पाहुण्यांना आणखी घसघशीत सवलत द्यावी, असं तुम्हाला वाटतं ना? वाटायलाच हवं. फक्त मागताना मन मोठं ठेवा. दहा-वीस टक्क्यांसाठी कशाला तोंड वेंगाडायचं? थेट सत्तर टक्के मागा, मालक हसत हसत देईल. आठ हजारांची खोली उद्या बोर्डावर सत्तावीस हजारांची होईल, त्यावर लाल काट बसेल आणि खाली तुमचा खास भाव येईल, आठ हजार शंभर. वरचे शंभर लाल रंगाचे.

त्यात तुम्ही नाशिकचे असाल तर जरा जास्तच तयारी लागेल. इथले भाव आपल्यासाठी ठरलेलेच नसतात. ते ठरतात शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघणाऱ्या गाडीकडे बघून. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मुंबईकर लवकर पोचतो आणि भाव त्याच्याही आधी. २०२७ च्या सिंहस्थात सवलत मागायचा विचार असेल, तर आधी रामकुंडावर डुबकी मारून तो विचार तिथेच सोडून या.

काही शहाणे सांगतील, मंगळवारी जा. त्यांचं ऐकू नका. खोली म्हणजे काही कांदा नाही, चाळीत भरून ठेवला आणि भाव आल्यावर काढला. मंगळवारची रिकामी रात्र बुधवारी विकता येत नाही, म्हणून त्या दिवशी मालक खरोखर खाली येतो. आणि इथेच घोटाळा आहे. खरोखर स्वस्त पडलं तर सोमवारी ऑफिसात सांगणार काय? शिवाय थेट फोन करू नका. अ‍ॅपला जाणारं कमिशन वाचतंय म्हटल्यावर तो त्यातलं थोडं तुम्हाला सोडेल, आणि उगाच एका अनोळखी माणसाचे उपकार होतील.

आकडेमोड तर अजिबात करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. म्हणजे आठ हजारांची खोली करासकट ९,४४० ला पडते आणि ७,४०० ची ७,७७० ला. मालकाने सहाशे सोडले की तुमचे १,६७० वाचतात. (५ टक्क्यांत त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे त्याचाही घास थोडा अडकतो, हे खरं.) पण असलं गणित काउंटरवर मांडणं आपल्यासारख्या घरंदाज माणसाला शोभतं का? त्यापेक्षा वेलकम ड्रिंक मागा. सरबताचा छोटा ग्लास, त्यात पुदिन्याचं एक पान. तो फुकट असतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, म्हणजे तुम्ही तो गिरवू शकाल. गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना नाश्ता फुकट होता. आमचे चिरंजीव सातचे. गाडीतच तालीम झाली होती: काका विचारतील, तू बोलायचं नाही. काउंटरवरच्या मुलीने वय विचारलंच नाही. वाकून म्हणाली, "किती गोड! शाळेत जातोस का रे?" चिरंजीव म्हणाले, "दुसरीत आहे. पण बाबा म्हणाले, इथे सांगायचं नाही."

४५० रुपये आणि कर. ती मुलगी हसली नाही, हे मला आजही जास्त लागतं.

मग ते ४५० वसूल करायला मी तिघांचा नाश्ता एकट्याने खाल्ला. पोह्यांवर इडली, इडलीवर ऑम्लेट, वर अननसाचे कापलेले तुकडे, जे घरी कोणी हातात दिले असते तर मी खाल्ले नसते. बायको दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. तुम्हीही असंच करा. सवलत मिळाली नाही की ती पोटातून काढायची असते. पोटात जागा उरली नाही तर शॅम्पूच्या बाटल्या आहेत, शिलाईची पुडी आहे, आंघोळीची प्लास्टिकची टोपी आहे. आमच्याकडे अशा अकरा टोप्या आहेत आणि टोपी घालून आंघोळ करणारं घरात कोणीही नाही.

खोलीचं नाव 'लेक व्ह्यू' होतं, त्याचे दोन हजार वेगळे. दोन हजार देऊन आम्ही बाल्कनीत बसून जे पाणी पाहिलं, तेच आमच्या घरी नळाला येतं. दुपारी दोनला चेक-इन, सकाळी अकराला चेक-आउट, म्हणजे दिवस एकवीस तासांचा. उरलेल्या तीन तासांची सवलत आपण त्यांना द्यायची. दिली. पंचवीस मिनिटांत घरी पोचलो, टोपी अकराव्या नंबरच्या जागी ठेवली आणि हात धुवायला नळ उघडला. पाणी गेलेलं होतं.