त्या ३२ गिरक्या रशियन नाहीत, मिलानच्या पिएरीना लेन्यानीच्या आहेत

बॅलेवरचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. म्हणे 'स्वान लेक'मधल्या त्या प्रसिद्ध ३२ गिरक्या एका रशियन नर्तकीने खास त्याच बॅलेसाठी शोधून काढल्या, इटलीहून येणाऱ्या बायका नुसत्या कसरती करायच्या आणि पैसे घेऊन परत जायच्या. हे वाचून मला खरंच राग येतो, कारण यात पिएरीना लेन्यानी या इटालियन नर्तकीचं अख्खं करिअर पुसलं जातंय.

आधी गिरक्यांचं बघू. त्यांना फुएते म्हणतात, एका पायाच्या बोटांवर उभं राहून दुसरा पाय जोरात बाहेर फेकायचा आणि त्याच झटक्यावर गोल फिरायचं, दर गिरकीला टाच खाली टेकून परत वर, आणि डोकं शेवटच्या क्षणी झटकन वळवून नजर समोर एकाच जागी आणायची नाहीतर चक्कर येते. 'स्वान लेक'मध्ये हे पहिल्यांदा केलं लेन्यानीने, १८९५ साली रशियात पीटर्सबर्गच्या मारीइन्स्की थिएटरात. पण त्याआधी १८९३ मध्ये तिथेच 'सिंड्रेला'त तिने ते केलेच होते, आणि त्याच्याही आधी लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात 'अलादिन'मध्ये. म्हणजे गिरक्या ती येताना सोबत घेऊन आली, 'स्वान लेक'ला त्या नंतर मिळाल्या. मातिल्दा क्शेसिन्स्काया वगैरे तिथल्या नर्तकींनी लेन्यानीचं बघून मग त्या शिकून घेतल्या.

दुसरं, 'नुसती कसरत'. हे तर मला अजिबात पटत नाही. 'स्वान लेक' १८७७ मध्ये मॉस्कोत आलं तेव्हा फारसं चाललं नव्हतं. त्याचा संगीतकार चायकोव्हस्की १८९३ मध्ये वारला, त्याच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये नृत्यदिग्दर्शक इवानोवने फक्त तळ्याकाठचा अंक नव्याने बसवला आणि त्यात ओडेट, म्हणजे हंस झालेली नायिका, होती लेन्यानी. त्या अंकात गिरक्यांचा दिमाख नाहीच, सगळं हातांवर, मानेवर आणि संथ चालीवर आहे. नुसती कसरतवाली असती तर तो अंक तिच्याकडे कोण देईल? पुढच्या वर्षी पूर्ण बॅले झालं, त्यात हळवी ओडेट आणि तिचं रूप घेऊन येणारी कपटी ओडिल दोन्ही तिनेच केल्या, आणि आज जगभर जे 'स्वान लेक' बघतात ते बहुतेक ह्याच १८९५ च्या प्रयोगावरून आलेलं आहे.

राहिलं पैशाचं. पाहुणी म्हणून आली हे खरंय, पण १९०१ पर्यंत राहिली, आणि तिथला मुख्य नृत्यदिग्दर्शक पेतिपाने (तो मुळात फ्रेंच, हेही मेसेजवाले विसरतात) तिच्यासाठी नवी कामं रचली, त्यात १८९८ चं 'रेमोंडा' आहे, ते आजही होतं. 'प्रीमा बॅलेरिना असोलुता' हा बॅले नर्तकीचा सर्वोच्च किताबही तिला मिळाला.

आणि ती एकटी नव्हती हो! १८८५ मध्ये व्हर्जिनिया झुक्की आली, १८९० च्या 'स्लीपिंग ब्युटी'त पहिली अरोरा (नायिका) कार्लोटा ब्रियांझा, १८९२ च्या 'नटक्रॅकर'मधली पहिली शुगर प्लम फेअरी अंतोनिएत्ता देल्'एरा, सगळ्या इटालियन. एन्रिको चेकेत्ती तर नाचला आणि शिकवायलाही राहिला, आना पाव्हलोवा आणि निजिन्स्की हे नावाजलेले रशियन नर्तक दोघंही त्याच्या हाताखाली शिकले.