पुण्यस्मरण : आठ बाय सहा

डिजिटल बोर्ड छापणाऱ्या दुकानात माझा नंबर म्हशीच्या मागं होता. म्हैस प्रत्यक्ष आली नव्हती, फोटो होता. पण तिनं अख्खा स्क्रीन व्यापला होता आणि डिझाइन करणारा पोरगा तिच्या शिंगांना सोनेरी कड लावत बसला होता. दिवाळी तोंडावर आलेली. पाडव्याला आमच्याकडं कोल्हापुरात गवळी मंडळी म्हशी नटवून मोटारसायकलीच्या मागं पळवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, अंगावरचे केस भादरून नक्षी काढतात. हल्ली त्यांचे बोर्डही लागतात. मला आईच्या प्रथम पुण्यस्मरणाचा बोर्ड हवा होता, परवापर्यंत. "बसा मावशी, पाचच मिनिटं," पोरगा म्हणाला. शिंगं दोन असल्यामुळं पाऊण तास लागला.

म्हशीचे मालक शेजारच्या खुर्चीत बसून सूचना देत होते. पांढरा शर्ट, कपाळावर अष्टगंध, हातात चहाचा कागदी कप. माझ्याहून दहाएक वर्षांनी थोरले असतील, पण मी त्यांचीही मावशीच. म्हशीचा बायोडाटा मात्र नावाजण्यासारखा होता. कुणाच्या गोठ्यातली, दूध किती, कुठल्या वर्षी कुठं पळाली, सगळं तपशीलवार. कुठंही 'मनमिळाऊ' लिहिलं नव्हतं.

माझी पाळी आली तसा पोरग्यानं बायकांचं फोल्डर उघडलं. आत तीन डिझाइनं: समई, कमळ, विठ्ठल-रखुमाई. मॅटर तयारच. 'धार्मिक, कष्टाळू, प्रेमळ.' नाव आणि तारीख तेवढी बदलायची. मी म्हटलं, "हे नको. माझी आई खूप फिरलेली होती, ते लिहायचंय."

पोरग्याचा माउस थांबला. मालकांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"फिरलेल्या म्हणजे? कुठं कुठं गेलत्या?"

"रामेश्वर, कन्याकुमारी, पुरी, द्वारका, हावडा, जम्मू, गुवाहाटी..."

"देवदर्शन म्हणा की मग! विठ्ठल टाक रे."

"देवदर्शन नाही. हावड्याला ती पूल बघायला गेली होती."

"पूल?" त्यांनी कप खाली ठेवला. "आपला शिवाजी पूल हाय की इथं."

खरं तर इथंच गप्प बसायला हवं होतं, पण आईचा विषय निघाला की मला राहवत नाही. मी सांगितलं की तो पूल १९४३ साली सुरू झाला, दोन टोकांच्या मनोऱ्यांमध्ये नदीच्या पात्रात एकही खांब नाही, आणि सगळं काम रिव्हेटांचं आहे, नटबोल्ट नाहीत. आई हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. दूधवाल्यालासुद्धा.

"नटबोल्टच न्हाईत? आमचा भाऊ उद्यमनगरात हाय, थांबा."

आणि त्या माणसानं खरोखर फोन लावला. स्पीकरवर. मागं लेथ मशीन घरघरतंय, इकडून हे ओरडतायत, "आरं, हावड्याचा पूल! हावडा! कलकत्त्याला! नटबोल्ट न्हाईत म्हणत्यात हितं एक मावशी!" तिकडून बराच वेळ नुसती घरघर. मग आवाज आला, "रिव्हेटिंग असंल." मालकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. "बरोबर हाय तुमचं. पण पुलाचा आन् श्रद्धांजलीचा काय संबंध?"

याला उत्तर द्यायचं तर आईचा सगळा जन्म सांगावा लागला असता.

माझे वडील इथल्याच रेल्वे स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. पगार बेताचा, पण कुटुंबाला पास. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि १९७१ च्या सुमारास मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झाली. आईच्या मते हे रुंदीकरण तिच्यासाठीच झालं होतं, कारण त्याच वर्षी तिचं लग्न झालं. वडिलांना फिरायची हौस अजिबात नव्हती. दिवसभर गाड्याच बघणाऱ्या माणसाला सुट्टीत गाडीत बसायचं म्हणजे शिक्षाच. पण पास वाया जातोय म्हटलं की आईचं डोकं फिरायचं. होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि चटणीची बरणी. ती बरणी भारतभर फिरली. द्वारकेला आमटीत गूळ निघाला तेव्हा आईनं भर भोजनालयात ती बाहेर काढली होती, आणि शेजारच्या टेबलावरच्या लोकांनीही मागून घेतली होती.

रामेश्वरला गेलो तेव्हा तिनं देवळापेक्षा धनुष्कोडीत जास्त वेळ काढला. १९६४ च्या डिसेंबरात वादळानं ते गाव नेलं, एक पॅसेंजर गाडीसुद्धा माणसांसकट समुद्रात गेली. आम्ही गेलो तेव्हा रस्ता नव्हता, वाळूतनं ट्रकमध्ये उभं राहून जायचं. बाकीचे लोक समुद्राचे फोटो काढत होते. आई स्टेशनच्या पडक्या भिंतीपाशी उभी राहून ट्रकवाल्याला हिंदीत विचारत होती, "स्टेशनमास्तर का घर किधर था?" त्याला तमिळशिवाय काही येत नव्हतं. त्यानं बोट समुद्राकडं केलं. परत येताना ती कुणाशी बोलली नाही. वडिलांनी दिलेली दशमीसुद्धा तशीच हातात.

हे सगळं आठ बाय सहात कसं बसवायचं?

"परदेशात गेलत्या का?" मालकांना आता रस आला होता.

"नेपाळ."

"नेपाळ परदेशात धरत न्हाईत. पासपोर्ट लागत न्हाई."

माझं डोकं तापलं. "मग पोलंड लिहा."

"पोलंडला गेलत्या?"

"नाही. पोलंड वळिवड्याला आलं होतं."

दोघंही माझ्याकडं बघत राहिले. पण हे खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेल्या लोकांची छावणी १९४३ ते १९४८ वळिवड्याला होती. जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आज जिथं गांधीनगरचं कापडाचं मार्केट आहे, तिथंच. माझी आजी त्या बायकांना अंडी विकायची आणि हिशेब बोटांवर करायची. पोलिश मंडळी गेल्यावर आईचा जन्म झाला, पण लहानपणी तिनं ऐकलेल्या सगळ्या गोष्टी त्यांच्याच. एवढी लांबची माणसं आपल्या दारात येऊन जातात, तर आपण का जायचं नाही, हे तिच्या डोक्यात तिथंच बसलं असावं. पुढं माझ्या पोराला ती अंगाईऐवजी वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज म्हणून झोपवायची. तो मिरजेच्या आत झोपला नाही तर गाडी पुण्याकडं.

"विमानात किती वेळा बसल्या?" मालकांचा शेवटचा प्रश्न.

"एकदाही नाही."

दुकानात शांतता. मागं प्रिंटरमधनं म्हैस हळूहळू बाहेर येत होती.

"एकदाबी न्हाई? मग ह्या फिरल्या कशा?"

"रेल्वेनं."

"अगं आई गं," असं म्हणून ते एकदम हळहळले. जणू आईचं काहीतरी वाईट झालं होतं. मेव्हणा दुबईला जाऊन आला तेव्हा त्याच्या बोर्डावर त्यांनी बुर्ज खलिफा टाकला होता, हेही सांगितलं. पोरग्यानं तेवढ्यात रेल्वे शोधून लावली. बुलेट ट्रेन, पाठीमागं फुजी पर्वत. मी म्हटलं, हा जपान आहे. मालक म्हणाले, "लांबनं हिमालयच दिसतोय की."

हसू आलं, नाही असं नाही. पण घरी येताना चीड आली ती त्यांची नव्हे. त्यांनी निदान विचारलं तरी. आमच्या थोरल्या काकांनी आई हयात असताना दर प्रवासाला "बाईमाणसाच्या पायाला भिंगरी बरी नव्हे" हे वाक्य म्हटलंय. पासावर फुकट जाते म्हणून नावं ठेवली, आणि वडील गेल्यावरही ती एकटी पासावर जायला लागली तेव्हा "आता तरी घरात बस" म्हणून निरोप पाठवले. पुरीचा प्रसाद मात्र हात पुढं करून घेतला. त्याच काकांनी बोर्डासाठी मला व्हॉट्सअॅपवर मॅटर पाठवलं होतं: 'धर्मपरायण, कुटुंबवत्सल, घराच्या चार भिंतींतच स्वर्ग मानणाऱ्या...' आईच्या उशाला शेवटपर्यंत रेल्वेचं टाइमटेबल होतं. जुनं, गाड्यांच्या वेळा बदललेल्या, पण ते घेतल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

मी ते मॅटर टाकलं नाही. समई काढायला लावली, हावड्याचा पूल आडवा लावला, आणि खाली गावांची नावं, तिनं ज्या क्रमानं बघितली त्या क्रमानं. एवढी नावं आल्यावर 'शोकाकुल' मंडळींना जागा कमी पडली, त्यांचा फॉन्ट बारीक झाला. मालक जाताना म्हणाले, "मावशी, नेपाळ जरा मोठं करा, कायतरी परदेश दिसूद्या." ते मी केलं.

बोर्ड लागला त्याच संध्याकाळी काकांचा फोन. "आमची नावं दिसतच नाहीत! पुलाखाली मुंग्या चालल्यासारख्या वाटतात. नवा करून घे."

मी म्हटलं, "घेते की काका. पहिल्याचं निम्मं बिल तेवढं पाठवा."

तिकडं लगेच रेंज गेली.