क्वेरी चालली म्हणजे हिशोब बरोबर झाला का?

सोलापुरातील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका चादर-टॉवेलच्या पेढीचे रिपोर्ट मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. या काळात मला सर्वांत जास्त संताप कशाचा आला असेल, तर तो 'क्वेरी चालली ना, एरर आली नाही ना, मग झाले' या वाक्याचा. क्वेरी म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढण्यासाठी संगणकाला दिलेली आज्ञा. एरर आली तर माणूस निदान थांबतो. एरर न देता चुकीचा आकडा देणारी क्वेरी मात्र थेट वसुलीच्या यादीत जाते, आणि तिचा मनस्ताप, ती ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलचे नावही न ऐकलेल्या माणसाला होतो.

गेल्या महिन्यात नेमके हेच घडले. चाटी गल्लीतील एका वयस्कर दुकानदारांनी ३६,००० रुपयांचे बिल १८,००० च्या दोन हप्त्यांत पूर्ण चुकते केले होते. बिलात चादर, टॉवेल आणि नॅपकिन अशा मालाच्या तीन ओळी होत्या. रिपोर्ट लिहिणाऱ्याने बिल, मालाच्या ओळी आणि जमा ही तिन्ही टेबले, म्हणजे नोंदींचे तक्ते, एकाच जॉइनमध्ये (जुळणाऱ्या ओळी एकमेकींना जोडणाऱ्या आज्ञेत) गुंफली. मालाच्या प्रत्येक ओळीला दोन्ही जमा जुळल्या, एका बिलाच्या सहा ओळी झाल्या. प्रत्येक ओळीत पूर्ण बिल आणि एक हप्ता मोजला गेल्याने बिलाची बेरीज २,१६,००० निघाली आणि जमेची १,०८,०००. एक रुपयाही देणे नसलेल्या माणसाच्या नावावर १,०८,००० रुपयांची बाकी लागली. वसुलीचा फोन गेल्यावर ते गृहस्थ भर उन्हात पावत्यांची पिशवी घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहेब, आजवर मी कुणाचा पैसा बुडवला नाही. तुम्ही फोनवर असं कसं बोलता?" मला मान वर करता आली नाही.

त्यावर उपाय काय झाला, तर बेरजेच्या आत डिस्टिंक्ट, म्हणजे सारखे आकडे एकदाच धरायला सांगणारा शब्द, टाकण्यात आला. एवढी चीड मला कधी आली नव्हती. डिस्टिंक्टला बिल कळत नाही, हप्ता कळत नाही. त्याला फक्त आकडा सारखा आहे की वेगळा एवढेच कळते. दोन्ही हप्ते १८,००० चेच असल्यामुळे त्याने एकच धरला, आणि त्याच दुकानदारांकडे आता १८,००० बाकी दिसू लागली. पुन्हा फोन गेला. जमेची बेरीज बिलवार आधी वेगळी काढायची, प्रत्येक बिलाची एकच ओळ उरली आहे ना हे पाहायचे आणि मगच ती बिलाच्या टेबलाला जोडायची, हे दहा मिनिटांचे काम आहे. जॉइनच्या आधी ओळी किती होत्या आणि नंतर किती झाल्या, हे मोजायला तर एक मिनिटही लागत नाही. तेवढेही कुणी मोजत नाही.

'सॉफ्टवेअरच तसे आहे' हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत, मांडले ते १९७० मध्ये, चेंबरलिन आणि बॉइस यांनी एसक्यूएलचे पहिले रूप मांडले ते १९७४ मध्ये, आणि १९८६ मध्ये तिचे प्रमाणीकरणही झाले. जॉइन कसा वागतो, यात इतक्या वर्षांत काहीही गूढ उरलेले नाही.

तीच कथा थकबाकीच्या यादीची. ज्यांनी काहीच भरले नाही असे ग्राहक शोधायला नॉट इन ('जमेच्या यादीत नाही' अशी अट) वापरले होते. जमेच्या एका नोंदीत ग्राहक क्रमांकाचा रकाना रिकामा, म्हणजे नल, राहिला आणि संपूर्ण यादी कोरी आली, कारण नलशी तुलना केली की उत्तर खरेही नसते आणि खोटेही नसते, आणि जे खरे ठरत नाही ते व्हेअर, म्हणजे क्वेरीतील अटीचा भाग, गाळून टाकते. मालक दोन दिवस समाधानात होते की सगळी वसुली झाली! तेथे नॉट एक्झिस्ट्स ('जुळणारी नोंदच नाही' अशी अट) लिहिले असते तर त्या एका रिकाम्या रकान्याने काहीही बिघडले नसते.

आणि ३१ मार्च! अख्खे वर्ष ज्या दिवसावर बंद होते, त्याच दिवसाची बिले वार्षिक विक्रीतून गळाली. तारखेच्या रकान्यात वेळही साठवलेली होती आणि क्वेरीत बिटवीन ('या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी अट) लावून शेवटची तारीख नुसती ३१ मार्च दिली होती. तिचा अर्थ ३१ मार्चच्या आरंभीची मध्यरात्र असा होतो, त्यामुळे सकाळी दुकान उघडल्यापासून फाडलेले प्रत्येक बिल बाहेर राहिले. १ एप्रिलपेक्षा लहान अशी अट घालायला कोणती विद्वत्ता लागते?

बिलाची क्वेरी मी नव्याने लिहून दिली आहे आणि शंभर बिले हाताने ताडून तिचे आकडे जुळवूनही दाखवले आहेत. तरी 'चालू रिपोर्टला हात लावू नका' असे सांगून ती बाजूला ठेवली गेली. डिस्टिंक्टचीच क्वेरी या सोमवारीही चालली, आणि वसुलीच्या यादीत चाटी गल्लीतील त्या दुकानदारांचे नाव १८,००० रुपयांसह पुन्हा आले.