पक्षांतर तिथेही फुकट नाही

पक्षांतरबंदी कायदा नसल्यामुळे अमेरिकेत पक्ष बदलणं फुकटात पडतं, हा पक्षांतरावरच्या एका लेखातला निष्कर्ष अर्धाच खरा आहे. सदस्यत्व जात नाही, व्हिप मोडला तरीही नाही. किंमत मोजावी लागते ती सभागृहाच्या समित्यांमध्ये आणि प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत.

पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांचंच बघा. तिथे प्रायमरीला फक्त त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदार मत देतात. २००४ मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत पॅट टूमींविरुद्ध ते जेमतेम वाचले होते. पुन्हा तोच सामना दिसू लागल्यावर एप्रिल २००९ मध्ये ते डेमोक्रॅट झाले. ज्येष्ठता मिळेल असं ते धरून चालले होते, पण सिनेटच्या ठरावाने त्यांना समित्यांमध्ये डेमोक्रॅटांच्या रांगेत शेवटी बसवलं. १९८१ पासूनची ज्येष्ठता गेली, आणि मे २०१० मध्ये नव्या पक्षाच्या प्रायमरीत जो सेस्टॅक यांनी त्यांना हरवलं.

रिपब्लिकन सिनेटर जिम जेफर्ड्सचा सौदा मात्र जमला, कारण २००१ मध्ये सिनेट ५०-५० होतं. ते अपक्ष होऊन डेमोक्रॅटांसोबत बसले, बहुमत उलटलं आणि त्यांना पर्यावरण समितीचं अध्यक्षपद मिळालं. एका मताला भाव आला तो आकड्यामुळे.

प्रतिनिधीगृहातले डेमोक्रॅट फिल ग्रॅम यांनी जानेवारी १९८३ मध्ये आधी राजीनामा दिला, मग फेब्रुवारीतल्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन म्हणून तीच जागा जिंकली. आपल्याकडे पक्षांतरबंदीतून सुटण्यासाठी दोन-तृतीयांश आमदार-खासदारांचं गणित मांडणाऱ्यांना हा मार्ग सुचत नाही, असं नाही, परवडत नाही.