चिमणी सरळ उभी दिसायला हवी

मुंबईच्या गिरणगावातल्या उरल्यासुरल्या चिमण्यांचा, म्हणजे गिरण्यांच्या धुराड्यांचा फोटो कुणी सुंदर म्हणून दाखवला, की आपल्याकडे एक सवाल हमखास येतो. १९८२च्या संपानंतर ज्यांचे संसार उघड्यावर आले, त्यांच्या गिरणीच्या भिंतीत सौंदर्य कसलं शोधता? सवाल रास्त आहे आणि इथे जर्मनीत तो जुनाही आहे. क्रुप या पोलाद कंपनीच्या कारखान्याचा फोटो पाहून त्या कारखान्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, असं नाटककार ब्रेख्तनं १९३१मध्येच लिहून ठेवलं होतं. तरीही तो फोटो काढलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्यानं १९५९पासून पाण्याच्या टाक्या, लोखंड गाळायच्या झोतभट्ट्या, कोळसाखाणींचे मनोरे टिपले. कॅमेरा १३ × १८ सेंटिमीटर फिल्मचा. आभाळ ढगाळच हवं, कारण उन्हात एका तुळईची सावली दुसरीवर पडते आणि जोड कुठे, रिव्हेट कुठे, काही कळत नाही. कॅमेरा शिडीवर किंवा परांचीवर चढवून शक्यतो बांधकामाच्या मध्यउंचीला न्यायचा. जमिनीवरून तोंड वर करून फोटो घेतला तर उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि चिमणी मागे कलंडल्यासारखी दिसते. मोठ्या कॅमेऱ्यात फिल्म उभी ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. मोबाइलच्या फोटोतही रेषा नंतर सरळ करता येतात, पण मग वरचा भाग ताणला जाऊन चिमणीचा निमुळता माथा जाड होतो आणि कडा कापल्या जातात. म्हणून चौकटीत चहूबाजूंनी भरपूर जागा सोडावी.

असे ९, १२ किंवा १५ फोटो ते एकाशेजारी एक लावत. टाक्यांचं काम एकच, पाणी उंचावर धरायचं. पण एकीला सहा पाय तर दुसरीला आठ, एकीचा जिना पोटाला वळसा घालून जातो, दुसरीचा मधल्या नळीतून. कुणीतरी डोकं लावून घेतलेला प्रत्येक निर्णय असा उघडा दिसतो, आणि मला सुंदर वाटतं ते हेच.

या फोटोंत माणसं नाहीत, हे खरं. पण डॉर्टमुंडची त्सोलर्न खाण १९६६मध्ये बंद झाली आणि तिथलं यंत्रघर पाडायची वेळ आली, तेव्हा ते वाचवायला धडपडणाऱ्यांत बेखरही होते. १९६९मध्ये त्याला संरक्षण मिळालं. आज त्याच आवारातल्या संग्रहालयात खाणकामगारांच्या जगण्याचा इतिहास मांडलेला आहे. वास्तू उरली, म्हणून तो सांगायला जागा उरली.

मुंबईत ढगाळ आभाळ पावसाळ्यात आयतंच मिळतं. एसीतून निघून लगेच कॅमेरा काढू नका, लेन्सवर दव धरतं. अर्धा तास तो पिशवीतच राहू द्या. चिमणीबरोबर करवतीच्या दातांसारखं छप्परही घ्या, आणि बाजूनं घ्या, म्हणजे दात स्पष्ट येतील. दातांच्या उभ्या बाजूची काचेची तावदानं उत्तरेकडे तोंड करून बसवत, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळे. फोटोखाली गिरणीचं नाव आणि खातं, म्हणजे विभाग, लिहाच. पण त्या छपराखाली माग किती होते, एकेका कामगाराकडे किती, रात्रपाळी कधी सुटे, हे तिथे राबलेल्या माणसालाच विचारा. तीही माणसं आता थकली आहेत.