तीन रात्रींची अट

आज दुपारी डबा खाताना मेल आला. पुढच्या जूनची सॉफ्टबॉल टूर्नामेंट, साउथ कॅरोलायनातलं मर्टल बीच, बारा वर्षांखालच्या मुली. वर समुद्राचा फोटो, वाळूत रोवलेली बॅट आणि मोठ्या अक्षरांत आमंत्रण, की खेळायला या आणि कुटुंबाची सुट्टीही साजरी करा. खाली बारीक अक्षरांत अट. टीममधल्या प्रत्येक घराने आयोजकांच्या यादीतल्याच हॉटेलात, त्यांच्याच लिंकवरून बुकिंग करून, कमीत कमी तीन रात्री राहायचं. नाही राहिलात तर टीमची एंट्री रद्द होऊ शकते. ह्याला इथे 'स्टे टू प्ले' म्हणतात.

पाच मिनिटांत टीमच्या ग्रुपवर पोल आला. इन की आउट? सगळ्यात पहिलं उत्तर आमच्या कॅचरच्या आईचं. आउट. कारण नाही, सॉरी नाही, काही नाही.

त्यानंतर धडाधड 'इन' पडत गेले, समुद्राच्या लाटांचे इमोजी पडत गेले, आणि त्या एका 'आउट'बद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहितेय.

भारतातल्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. माझी लेक शाळेच्या नाही, क्लबच्या टीममधून खेळते. ह्याला ट्रॅव्हल बॉल म्हणतात आणि नावाप्रमाणे त्यात ट्रॅव्हलच जास्त. ती पिचर आहे. चाळीस फुटांवरून, हात गोल फिरवून, खालून बॉल टाकायचा. समोर बॅटर आणि बॅटरच्या मागे गुडघे मोडून बसलेली कॅचर. आपला विकेटकीपर समजा, पण त्याच्याहून खूप जास्त. कुठला बॉल टाकायचा ह्याची खूण कॅचर करते. जमिनीवर आपटलेला बॉल छातीवर झेलते. पिचर रडायला आली की मास्क वर करून सर्कलपर्यंत, म्हणजे पिचर उभी असते त्या गोलापर्यंत, चालत जाते आणि काहीतरी बोलून तिला हसवते. माझी मुलगी आणि ही कॅचर दोन वर्षं एकमेकींसमोर आहेत. आमच्या ड्राइव्हवेवर चाळीस फुटांची खडूची रेघ आहे, पावसाने पुसली की दोघी मिळून परत मारतात.

आता गेल्या जूनची गोष्ट.

गेल्या वर्षीही हेच होतं. हीच अट, असाच फोटो. कॅचरची आई वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते, एक सोडून एक वीकेंड तिची ड्युटी असते. एकटी आहे, घरी आणखी एक लहान मुलगा. तीन रात्रींचे साडेसातशे डॉलर, वर टॅक्स, वर मैदानाच्या फाटकावर रोज माणशी पंधरा डॉलर. हो, आपल्याच पोरीचा खेळ बघायला तिकीट! आम्ही राहतो त्या नॉर्थ कॅरोलायनात किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलेलं आहे. तिला त्याच्यापेक्षा बरा पगार असणार, पण त्या दराने हिशेब करून बघा. नुसत्या खोलीसाठी शंभर तासांहून जास्त काम. बारा वर्षांखालच्या मुलींनी बॉल टाकावा आणि झेलावा म्हणून!

ती आली नाही. आम्ही गेलो.

शार्लटहून ७४ नंबरचा रस्ता, रॉकिंगहॅमनंतर राज्याची सीमा, मग मॅरियन, कॉनवे, ५०१ नंबरचा रस्ता. मर्टल बीचपर्यंत इंटरस्टेट, म्हणजे मोठा महामार्ग, जातच नाही, त्यामुळे सगळी गर्दी ह्याच रस्त्यावर. मी आणि लेक गुरुवारी निघालो. नवऱ्याला रजा मिळाली नाही, तो शनिवारी पहाटे निघाला. उन्हाळ्यात तिथली आठवड्याच्या भाड्याची घरं शनिवारी रिकामी होतात आणि शनिवारीच भरतात. कॉनवेच्या पुढे तो असा अडकला की पोरीची सकाळची मॅच संपली तेव्हा हा पार्किंगमध्ये शिरत होता.

सुट्टीचं म्हणाल तर सांगते सुट्टी कशी असते. आठची मॅच म्हणजे सातला मैदानावर, म्हणजे साडेपाचला उठायचं. वॅगनमध्ये कूलर, तंबू, खुर्च्या. दोन मॅचच्या मध्ये तीन तास, समुद्रावर जाऊन यायला कमी आणि बसून काढायला जास्त. दुपारी ढग गडगडले की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कोणी मैदानात उतरायचं नाही. पुन्हा गडगडलं की तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. हा नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाडीत चार घामेजलेल्या मुली घेऊन, काचा वर करून दीड तास बसलेल्या बाईला कोणी 'व्हेकेशन' हा शब्द ऐकवू नये.

आणि ह्या देशात पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदा नाही. ज्यांना वर्षाला दहा दिवस मिळतात त्यांचे दहाच्या दहा ह्या टूर्नामेंटांत जातात. आमच्या टीममधल्या एका घराने तीन वर्षांत मैदान नसलेली सुट्टीच घेतलेली नाही. ते हसत सांगतात. मला हसू येत नाही.

रविवारी सकाळी बाद फेरी. कॅचर म्हणून दुसऱ्या टीमची एक मुलगी उसनी घेतली होती. गोड पोरगी, तिचा काही दोष नाही, तिने जीव तोडून प्रयत्न केला. पण माझ्या मुलीचा चेंजअप तिने कधी झेललाच नव्हता. तो बॉल हळू येतो आणि शेवटी खाली बुडतो. बॅटर चुकते, पण कॅचरला ठाऊक नसेल तर तीही चुकते. वेळ संपली, स्कोअर बरोबरीत. मग टायब्रेकर, म्हणजे प्रत्येक टीमची एक रनर आधीच सेकंड बेसवर उभी करून डाव सुरू. आमची रनर तिथेच राहिली. त्यांच्या डावात माझ्या मुलीने चेंजअप टाकला, बॅटर चुकली, बॉल कॅचरच्या पायामधून मागे गेला, रनर थर्डवर. पुढच्याच बॉलवर तेच. रनर घरी, म्हणजे त्यांची रन. संपलं.

हरल्याचं दुःख नाही हो. हरणं मला चालतं. तो बॉल मागे गेल्यावर माझी मुलगी हात कमरेवर ठेवून सर्कलमध्ये उभी राहिली आणि वाट बघत होती. सवयीने. आता मास्क वर होईल, कोणीतरी चालत येईल. ती उसनी मुलगी बिचारी मागे बॉल शोधत धावली होती. कोणी आलं नाही.

ते दृश्य मला आज दुपारी त्या 'आउट'मध्ये दिसलं.

मला माहीत आहे कॉमेंटमध्ये काय येणार. मैदानं फुकट तयार होत नाहीत, अंपायरला पैसे द्यावे लागतात, हॉटेलांकडून आयोजकांना मिळणाऱ्या पैशातून टूर्नामेंट चालते. ठीक आहे, मान्य. मग एंट्री फी वाढवा, ती टीममध्ये सगळे मिळून भरू, कोणाला कमी झेपेल कोणाला जास्त. पण तीन रात्री प्रत्येक घरावर लादल्यात की ते वाटून घ्यायची सोयच उरत नाही. दोन कुटुंबं एका खोलीत राहिली तर चालेल का असं मी गेल्या वर्षी विचारलं होतं. उत्तर आलं, प्रत्येक खेळाडूमागे एक बुकिंग. म्हणजे मोजमाप पोरींचं नाही, खोल्यांचं!

दुसरं येणार ते 'एक्स्पोजर'. मोठ्या टूर्नामेंटला गेलं नाही तर कॉलेजवाल्यांच्या नजरेत कशी येणार? अहो, एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचा, नियम आहे, सगळ्यात वरच्या डिव्हिजनच्या सॉफ्टबॉल कोचला मुलगी अकरावीत जाण्याच्या १ सप्टेंबरपर्यंत तिच्याशी भरतीबद्दल बोलायची परवानगीच नाही. लहान लहान पोरींना जागा कबूल केल्या जात होत्या म्हणूनच २०१८ मध्ये तो कडक केला. आमच्या मुली सहावीत आहेत, सहावीत! एकीचे अजून दुधाचे दात पडतायत.

हा खेळ सुरू कसा झाला ते माहीत आहे का? १८८७, शिकागो, थँक्सगिव्हिंगचा दिवस, एका बोट क्लबात जमलेली पोरं. बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने गुंडाळून त्याचा बॉल केला आणि झाडूच्या दांड्याने खेळले. घरात जे सापडलं त्याने. आता आमच्या डगआउटमध्ये, म्हणजे मुली बसतात त्या जागी, साडेतीनशे डॉलरच्या बॅटी ओळीने टांगलेल्या असतात. घेतलीय, मीही घेतलीय.

मी शाळेत खो-खो खेळायचे. विभागीय स्पर्धेला एसटीने जायचो, बाई बरोबर, आईबाबा घरी. एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरायच्या, बारा पोरी एका रांगेत. जमादाराची मुलगी, डॉक्टरची मुलगी, कोण कोणाशेजारी झोपली ते आठवतही नाही. आमच्या टीममधून पैशापायी कोणी गळल्याचं मला आठवत नाही. कदाचित गळलीही असेल आणि मला कळलंच नसेल. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता चव्वेचाळीसची आहे आणि मला कळतंय, म्हणून गप्प बसवत नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

गेल्या वर्षी मी कॅचरच्या आईला मेसेज केला होता. 'आमच्या खोलीत जागा आहे, तिला आमच्याबरोबर पाठवा.' पण कधी केला? बुधवारी रात्री. गुरुवारी निघायचं आणि बुधवारी रात्री साडेनऊला. पोल येऊन तेव्हा चार महिने झाले होते. तिचं उत्तर आलं, 'थँक यू, नेक्स्ट टाइम.' आणि ते वाचून मला हायसं वाटलं. विचारलं म्हणून मन मोकळं, आणि नाही म्हणाली म्हणून खोलीही मोकळी. चार महिने मी 'इन' टाकून लाटांचे इमोजी पाठवत होते. तिला ते सगळं दिसत होतं.

तिच्या जागी मी असते तर बुधवारी रात्री आलेल्या मेसेजला मीही नाहीच म्हटलं असतं.

रविवारी हरल्यावर मुली युनिफॉर्ममध्येच समुद्रात गेल्या. पांढऱ्या पँटी लाल मातीने आधीच गेल्या होत्या, वर खारं पाणी. डगआउटमधली सगळी गाणी त्यांनी लाटांना ओरडून ऐकवली. अंधार पडेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हत्या. ती संध्याकाळ सुंदर होती, हे मी नाकारत नाही. आयुष्यभर लक्षात ठेवतील. म्हणून तर जास्त लागतं, की ज्या आठवणीवर त्या पुढची वीस वर्षं बोलणार, त्यात ती एक पोर नाही.

हॉटेलवर आल्यावर लेकीने फोन मागितला. तिला वाटलं आता कॅचरला स्कोअर सांगावा लागणार. पण कॅचरला सगळं माहीत होतं. तीन दिवस ती स्कोअरच्या ॲपवर एकेक बॉल बघत बसली होती, लहान भावाला सांभाळत. वहीत प्रत्येक बॅटरसमोर लिहून ठेवलं होतं, कुठला बॉल पडला, कुठे पडला. तिचा पहिला मेसेज काय होता? 'थर्डवर रनर असताना परत चेंजअप का? मी राइझ मागितला असता.' राइझ म्हणजे बॅटरला वर चढतोय असं वाटणारा बॉल. माझी मुलगी ते वाचून आधी हसली आणि मग उशीत तोंड खुपसून इतकी रडली की मला काही सुचेना.

ती वही त्या मुलीने नंतर आमच्या घरी आणून दाखवली. पेन्सिलने आखलेले चौकोन. चारही मॅच.

कोच चांगला माणूस आहे, त्याच्याविरुद्ध हे नाही. स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून पोरींना शिकवतो. त्याला मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, इथे तासाभराच्या अंतरावर जूनमध्ये दर वीकेंडला कुठली ना कुठली टूर्नामेंट असते, घरून डबा घेऊन जाऊ, रात्री आपापल्या अंथरुणात झोपू. समुद्र बघायचाय तर ऑगस्टमध्ये सगळे मिळून एक दिवस जाऊ, ज्यांना जमेल ते, तिची ड्युटी नसलेला शनिवार धरून. तो म्हणाला, बाकीच्या पालकांना तिथेच जायचंय. असेल. मलाही जायचं होतं, दुपारपर्यंत.

लेकीला सांगितलं तेव्हा ती चिडली. तिला मर्टल बीच हवंय. तिथला मोठा आकाशपाळणा हवाय, लाटा हव्यात, मैत्रिणींबरोबर एका खोलीत झोपायचंय. चुकीचं काहीच नाही त्यात. दार आपटून गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "आई, तू ह्या वेळी तिच्या आईला आत्ताच विचार ना. बुधवारी नको."

तिला ते बुधवारचं माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.

तर पोलमध्ये नऊ 'इन' होते आणि तिचं एक 'आउट'. आता मीही माझं 'आउट' टाकलंय. कारणही लिहिलंय ग्रुपवर, दोन ओळींत, तिचं नाव न घेता. अजून कोणी काही बोललेलं नाही, निळ्या टिका दिसतायत. कॅचरच्या आईची ड्युटी अकराला सुटते. गाडीत बसली की फोन करते म्हणाली आहे. मी जागी आहे.