लायब्ररीचा ग्रुप आहे, पण पुस्तकावर बोलायचं कुठं?

आमच्या कोल्हापुरातल्या लायब्ररीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शेवटी म्यूट केला बाबा. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या तरी पुतण्याचं अभिनंदन आणि त्याखाली अंगठ्यांची रांग, मग कधीतरी 'नवीन पुस्तके आली आहेत, लाभ घ्यावा' म्हणून एक फोटो, त्यात कव्हरवर ट्यूबलाइट अशी चमकतीय की पुस्तकाचं नावच वाचता येत नाही. ह्याला वाचकांची ऑनलाइन कम्युनिटी म्हणायचं म्हणे. म्हणा.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचकांचं बोलणं पुस्तकाला चिकटून राहिलं पाहिजे. ग्रुपवर कुणी चुकून चांगलं लिहिलं तरी संध्याकाळपर्यंत ते वर सरकून गेलेलं असतं, तेच लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, त्या पुस्तकाच्या नावाखाली राहिलं तर चार वर्षांनी ते पुस्तक शोधणाऱ्याच्या पण उपयोगी पडतंय.

मागं एकदा काउंटरवर उभा होतो. शेजारी मंगळवार पेठेतले एक वस्ताद, वय झालेलं पण मान अजून तशीच, कुस्तीवरचं पुस्तक परत करायला आलेले. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ग्रंथपाल मॅडमना म्हणाले, "ह्यात ढाक डाव चुकीचा सांगितलाय बघा, असं केलं तर आपणच खाली जाईल की माणूस." आणि तिथंच, लोक बघायलेत ह्याची फिकीर न करता, मॅडमसमोर हवेत हात टाकून नीट कसा असतो ते दाखवलं, शिवाय खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणी कुणाला कसं चितपट केलेलं तेही ऐकवलं. मॅडम हसल्या, शिक्का मारला, पुस्तक कपाटात गेलं. आता ते पुस्तक पुढं कोण नेईल त्याला ह्यातलं काय कळणार? काहीच नाही. 2019 च्या महापुरावरच्या पुस्तकाखाली शाहूपुरीतला माणूस जे लिहील ते पुण्यातल्या समीक्षकाला सुचणार आहे काय?

'गुडरीड्स आहे की' म्हणणारे येतीलच. आहे, वाचकांनी पुस्तकांवर लिहायची वेबसाइट आहे ती, 2013 पासून अ‍ॅमेझॉनची आहे, इंग्रजी पुस्तकांना भारी पण आहे. पण मराठी पुस्तक शोधायला गेलं की स्पेलिंगपासूनच मारामारी, आणि मुख्य म्हणजे ते पुस्तक आपल्या लायब्ररीत आहे का, आत्ता कुणी नेलंय का, हे ते सांगत नाही.

बरं ह्याला काय लई खर्च येतोय असंही नाही. कोहा नावाचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टनं 2000 साली वापरात आणलं, ओपन सोर्स, लायसन्सचे पैसे नाहीत, आपल्याकडं कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत पण चालतं. त्यात पुस्तकाखाली कॉमेंट, स्टार, स्वतःची यादी करून सगळ्यांना दाखवायची सोय, 'हे मागवा' म्हणून सुचवायची सोय, सगळं आहे. कॉमेंट आधी ग्रंथपालाकडं जाते, त्यांनी पास केली तरच दिसते, त्यामुळं गुलाबाची फुलं तिथंच अडतील. सिएटल, शिकागोच्या पब्लिक लायब्रऱ्यांत तर वाचकांनी केलेल्या याद्या कॅटलॉगमध्येच दिसतात.

एका गोष्टीत मात्र मी कट्टर आहे. कोण काय वाचतंय हे आपोआप कुणालाही दिसता कामा नये. पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणाच्या सुनेनं घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं आणि ते 'आपल्या परिसरातले वाचक सध्या वाचत आहेत' असं झळकलं तर झालंच कल्याण. कोहात वाचलेल्याची नोंद कायम ठेवायची की ठेवायचीच नाही हे वाचकाला ठरवता येतं, ते सेटिंग पहिल्या दिवशी चालू करा, बाकीचं नंतर.

'आपला वाचक म्हातारा, त्याला जमणार नाही' हे तर मला पटतच नाही. हाच म्हातारा वाचक दिवसभर फॉरवर्ड पाठवतोय ना? आणि हे कोल्हापूर आहे. इथं करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं, महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा पण कोल्हापूर संस्थानानं तो 1945 लाच केलेला, देशात सगळ्यात आधी. त्यावर छाती फुगवून भाषणं ठोकायची आणि कॅटलॉग अजून रजिस्टरमध्ये, असं कसं चालंल.

खरी अडचण माणसांची आहे. ग्रंथपालांना पगार किती मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात लायब्ररीचा सरकारी वर्ग टिकवायची कागदपत्रं, अनुदानाची वाट बघणं, आणि वर आता कॉमेंटी पण तपासा म्हटलं तर त्या मॅडम मला काउंटरवरनंच हाकलतील. पण अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासनं रात्रीपर्यंत बसलेली असतात, त्यातल्या दोघा-तिघांची वर्गणी माफ करा, रोज तासभर पुस्तकांच्या नोंदी करायला लावा. आणि वस्तादांना टाइप करायला जमत नसेल तर ते सांगतील तसं ह्या पोरांनी लिहून घ्यावं, कमिटीतलं कुणी वाचत असेल तर पुढच्या मीटिंगला हा विषय घ्या, मी येतो.